न पडलेला कौल

"दिल्लीक नको म्हणान कळय," आई म्हणाली आणि तिने फणसावर कोयता घातला.

मागच्या पडवीत गोणपाट पसरून ती बसली होती. दोन्ही हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोपडलेलं, कोयत्याच्या पात्यालाही. मी पायरीवर, मांडीवर दादाचा जुना लॅपटॉप घेऊन. दिल्लीजवळच्या त्या विद्यापीठाला संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. इंग्लंडमधल्या विद्यापीठाची मुदत पुढे जूनमध्ये संपणार होती. दोन्हीकडची पदवी एकच: राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र, तिन्ही एकत्र. दोन्हीकडे बारावीच्या निकालाची अट होती आणि दोन्हीकडे पूर्ण शिष्यवृत्ती. म्हणजे पैशांचा प्रश्न नव्हता. बाबांना हे गावात इतक्या वेळा सांगावं लागलं होतं की शेवटी त्यांनी सांगणंच सोडून दिलं.

"खरा म्हणतंस?" मी विचारलं. "मी इंग्लंडाक जाव?"

"मगे काय खोटा? शिकाचा तर खऱ्या जाग्यार जावन शिकाचा."

माझा कानांवर विश्वास बसेना. आई मला वेंगुर्ल्याच्या जत्रेलाही एकटीला सोडत नसे.

बाबा खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. ते एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसून दिवसभर गाड्यांच्या घोषणा करायच्या, हे त्यांचं काम. सुट्टीच्या दिवशीही त्यांच्या डोक्यातली वेळापत्रकं थांबत नसत.

"दिल्लीक हयसून थेट गाडी आसा," ते पेपरामागून म्हणाले. "हय बसला, की थय उतारला. मधी बदलूची भानगड नाय. इंग्लंडाक काय आसा?"

"विमान आसा, बाबा."

"आणि ता चुकला तर? दुसरा कितक्या वाजता?"

"तुमची दिल्ली तुमकाच ऱ्हवांदे," आई म्हणाली. "पेपर वाचतास मा रोज? एकट्या चेडवाक थय धाडूचा?"

"इंग्लंडात काय देवमाणसा ऱ्हवतत?"

"इंग्लंडात मेला तर थंडीन मरात. माणसांच्या हातान नाय."

बाबांनी पेपर खाली घेतला. माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग तोंडाशी मूठ धरून डेपोतल्या आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी. दिल्लीक जाणारी गाडी प्रवाशांच्या आवशीन रद्द केलेली आसा."

आम्ही तिघंही हसलो. आई तर इतकी हसली, की तिला कोयता बाजूला ठेवावा लागला.

मी दिल्लीला नकार कळवला. 'तुमचा निर्णय नक्की आहे का' असं त्या पडद्याने आणखी एकदा विचारलं. नक्की होता.

"दाबलंस?" आईने विचारलं.

"दाबलंय."

तिने तेलकट बोटांनी एक गरा सोलला आणि माझ्या तोंडात घातला. कापा फणस होता, त्या वर्षीचा पहिला.

मी विज्ञान शाखेची. रसायनशास्त्र आवडायचं, गणितही. मग हे राज्यशास्त्र वगैरे डोक्यात कुठून शिरलं, असं सगळेच विचारायचे. ते पाण्याच्या टाकीमुळे शिरलं होतं.

आमच्या गावात तीन वाड्या आणि नळपाणी योजनेच्या टाकीसाठी तीन जागा: माळावर, शाळेजवळ आणि देवळामागे. मी शाळेत असल्यापासून ही टाकी होणार होती. बाबांचं बोट धरून मी ग्रामसभेला जायची. माळ की शाळा असं विचारलं की दोन वाड्या माळाच्या बाजूने हात वर करायच्या. पुढच्या सभेत माळ की देऊळ असा प्रश्न निघाला की दोन वाड्या देवळाकडे झुकायच्या. चला, देऊळ ठरलं म्हणावं, तर कोणीतरी उठून देऊळ की शाळा असं विचारायचं, आणि दोन वाड्या शाळेसाठी हात वर करायच्या. दर वेळी दोन वाड्या, पण दर वेळी वेगळ्या दोन. मला वाटायचं की आपल्या गावातली माणसं मूर्ख आहेत. अकरावीत असताना इंटरनेटवर एका प्राध्यापकांचं व्याख्यान ऐकलं, तेव्हा कळलं की तसं नाही. तीन माणसांची स्वतःची पसंती अगदी स्वच्छ असली, तरी तिघांची मिळून पसंती गोल गोल फिरत राहू शकते. आणि अशा वेळी जिंकतो तो, जो कुठला प्रश्न आधी विचारायचा हे ठरवतो.

माणसं शहाणी असूनही टाकी होत नाही. हे मला कुठल्याही रासायनिक अभिक्रियेपेक्षा भारी वाटलं. दोन्ही विद्यापीठांना पाठवलेल्या निबंधात मी आमच्या टाकीबद्दलच लिहिलं होतं.

दादाबद्दलही सांगायला हवं. माझा मोठा भाऊ निनाद हॉटेल व्यवस्थापन शिकायला न्यूझीलंडला गेला, तेव्हा मी सहावीत होते. आधी दर रविवारी फोन यायचा. मग सणासुदीला. मग नुसते मेसेज, तेही हात जोडलेल्या चित्राचे. आमच्याकडे माणूस कुठेही असो, चतुर्थीला घरी येतोच. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती लाकडी चौकट, माटवी, तिला नारळ, सुपाऱ्या, कवंडळाची रानफळं आणि रानातली फुलं बांधायचं काम दादाचं असायचं. तो गेल्यापासून ते मी करत होते. पण एक कोपरा आई मला बांधू द्यायची नाही. "ऱ्हवांदे तो. वायच वाट बघूया," म्हणायची. आरतीची वेळ झाली की स्वतःच उठून तिथे एक नारळ अडकवायची.

घरात कोणी दादाबद्दल बोलत नसे. त्याचा लॅपटॉप मात्र मी वापरत होते.

निकाल लागला. इंग्लंडची अट पूर्ण होऊन वर गुण उरले. बाबांनी डेपोत पेढे वाटले. आता व्हिसा. मला अठरा पूर्ण व्हायला अजून अवकाश होता, त्यामुळे आईवडील दोघांचीही लेखी संमती लागणार होती. मी ते सगळं नीट समजावून सांगितलं. आई तांदूळ निवडत होती.

"देवाक इचारल्याशिवाय मी सही करूचंय नाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे कौल लावचो. रवळनाथाक."

आमच्याकडे कुठलंही मोठं काम असलं, की ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना पाण्याने फुलाच्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. देवाच्या उजवीकडची कळी आधी पडली तर होकार. डावीकडची पडली तर नकार.

"आई, मी काय शिकाचा ता कळी ठरयतली?"

"कळी नाय. देव."

"मी इतको अभ्यास केलंय, परीक्षा दिलंय, निबंध लिवलंय..."

"मगे घाबारतंस कित्या?" ती सूप पाखडत म्हणाली.

बाबांचा चेहरा मात्र सुटल्यासारखा झाला. इंग्लंडबद्दल हो म्हणणं त्यांना जड जात होतं आणि नाही म्हणणं त्याहून जड. "लावया कौल," ते म्हणाले. "तेच्यात काय वायट आसा?"

त्या दुपारी मी अंगणातल्या पिटकोळीच्या कळ्या तोडल्या, पाटा उभा करून भिंतीला टेकवला आणि पाणी लावून त्यावर कळ्या चिकटवून पाहिल्या. खिडकीच्या बाजूची कळी बहुतेक वेळा आधी पडत होती, कारण तिच्याखालचं पाणी आधी सुकत होतं. देठ जाड असला तर आणखी लवकर.

आई दारात येऊन उभी राहिली. "देवाची परीक्षा घेतंस?"

"पाण्याची घेतंय."

"आणि काय इलो निकाल?"

"वाऱ्याच्या बाजूची आधी पडता."

ती पाटा उचलून आत घेऊन गेली, धुतला आणि त्यावर खोबरं वाटायला बसली.

सोमवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. भिकाजी गुरव गाभाऱ्याबाहेर समया पुसत होते. मला ते जन्मापासून ओळखत.

"काय शिकतला म्हणता ह्या चेडू?" त्यांनी बाबांना विचारलं.

"राजकारण, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र."

"तिन्ही? मगे तितक्या लांब कित्याक? आमच्या ग्रामसभेत बसला तरी तिन्ही शिकान होतत, ता पण फुकट."

मीही हसले. त्यांनी हात धुतले, गाभाऱ्यातला पंखा बंद केला आणि तबकातून दोन कळ्या घेतल्या. दोन्ही सारख्या आकाराच्या निवडल्या, हे मी पाहिलं. पाषाणाला दोन्ही अंगांना एकेक लावली आणि हात जोडून त्यांनी आवाज लावला.

"बा रवळनाथा, आज ह्या लेकरू तुझ्या पायाकडे उभा आसा. शिकपासाठी समुद्रापलीकडे जावक बघता. तेणा जावचा असा तुझ्या मनात आसात, तर उजवो दी. जाव नये असा आसात, तर डावो दी. आणि लेकरांक समज पडात असो दी."

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज सभामंडपात घुमला.

गुरव हात खाली घेतात न घेतात, तोच उजवीकडची कळी सुटली आणि पाषाणाच्या पायाशी पडली.

मला सुकणारं पाणी माहीत होतं, वारा माहीत होता, देठाची जाडी माहीत होती. तरी माझे हात आपोआप जोडले गेले.

"सुटली!" बाबांनी टाळी वाजवली. "गाडी वेळेत सुटली!"

"उजवो," गुरव म्हणाले. "इतको लवकर देव सहसा देणा नाय. जा बाय, शिकान मोठा हो."

मी आईकडे वळले. ती अजून हात जोडून उभी होती. नजर देवावर.

"भिकाजीनू," ती म्हणाली, "माका आणि एक इचारूचा आसा."

"आता काय ऱ्हवला, वैनी? देवान होय म्हटला मा?"

"जावक होय म्हटल्यान. येवचा काय ता इचारा."

गुरवांनी पहिल्या कळ्या काढल्या, पाषाण पुसला, नव्या दोन कळ्या लावल्या. या वेळी गाऱ्हाणं लहान होतं. "बा देवा, ह्या लेकरू परत आपल्या घराक येतला, तर उजवो दी. येवचा नसात, तर डावो."

"व्हय म्हाराजा." या वेळी बाबा हळू म्हणाले.

काही पडलं नाही.

आम्ही उभे राहिलो. मग बसलो. एक बाई दिव्यात तेल घालून, आमच्याकडे पाहून गेली. छपरात पाल चुकचुकली. गुरवांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, तेच शब्द. दोन्ही कळ्या पाषाणाला जशाच्या तशा. मी डावीकडच्या कळीकडे बघत होते. ती पडू नये म्हणून बघत होते, आणि माझ्या बघण्याने काही होत नाही हे मला ठाऊक होतं.

"देव इचार करता," गुरव म्हणाले.

बाबा घड्याळ बघत होते. त्यांची दुपारची पाळी होती. "पहिलो कौल मिळालो मा?" ते आईला म्हणाले. "मोठो प्रश्न तोच. चल आता."

"माका ह्योच मोठो."

"आई," मी म्हणाले, "कळी पडाक नाय म्हणजे देवान नाय म्हटला असा नाय होणा. कळी पडाक नाय म्हणजे काहीच नाय. उत्तरच इला नाय."

आई पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "निनादाचो फोन येणा नाय," ती म्हणाली, "ता पण काहीच नाय?"

बाबा खाली फरशीकडे पाहत होते.

आई उठली. पदर खांद्यावर घेतला. "माका उत्तर गावला. चला."

"वैनी, थांबा वायच," गुरव म्हणाले. "पडतलो. कधी कधी देव येळ लावता."

"पडात तेव्हा पडांदे. घराकडे चुलीर भात ठेवचो आसा."

घरी येईपर्यंत मी बोलत होते. रस्ताभर बोलत होते. पहिला कौल उजवा होता, दुसरा पडलाच नाही, म्हणजे दोनांतला एक होकार आणि नकार शून्य. मी दर उन्हाळ्यात येईन. मी चतुर्थीला येईन. माटवी मीच बांधीन. आई पुढे चालत होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

अंगणात पोचल्यावर मी बाबांना धरलं. ते गणवेश घालून निघायच्या तयारीत होते.

"तुमी तरी सांगा तिका."

बाबांनी चपला घातल्या. "मी काय सांगू? इंग्लंडाच्या बाबतीत माझाच मन कच्चा आसा, बाय. दिल्ली असती तर आज सही करून मोकळो झालो असतंय. थय आवशीची सही पण लागणा नव्हती."

ते स्टॉपकडे निघून गेले. मी अंगणातच उभी राहिले.

मला पहिली पसंती इंग्लंड, मग दिल्ली, मग घर. बाबांना दिल्ली, मग घर, मग इंग्लंड. आणि आईला घर. घर नसेल तर इंग्लंड, आणि दिल्ली सर्वांत शेवटी. दिल्ली की घर, असं विचारलं असतं, तर मी आणि बाबा एका बाजूला आलो असतो, आणि मी गेले असते. पण तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. आधी इंग्लंड की दिल्ली एवढंच विचारलं गेलं, आणि त्यात आई माझ्या बाजूने उभी राहिली. दिल्ली गेली. मग उरलं इंग्लंड की घर, आणि त्यात माझ्या बाजूने कोणीच नव्हतं.

ज्या गोष्टीवर मी दोन देशांना निबंध पाठवला होता, ती माझ्याच मागच्या पडवीत घडली, आणि मी गरा खात बसले होते.

आईने हे ठरवून केलं का, मला माहीत नाही. तिने ते व्याख्यान ऐकलं नव्हतं. पण तिला ग्रामसभा माहीत होती.

मी माळावर गेले. टाकीसाठी आखलेल्या जागेवर चुन्याच्या रेषा होत्या, पावसाने पुसत आलेल्या. ऊन उतरेपर्यंत तिथे बसले. घरी आले तेव्हा आई न्हाणीजवळ भांडी घासत होती. तिचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं, माझ्यासाठी रडली.

दिल्लीला मी पुन्हा लिहिलं. जागा भरली होती. इंग्लंडला लिहिलं, एक वर्ष थांबता येईल का. थांबता येईल, पण शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी मिळेल असं नाही, असं उत्तर आलं, अतिशय सौजन्याने लिहिलेलं. जूनची मुदत एका गुरुवारी संपली. त्या दिवशी घरात काय झालं, मला आठवत नाही. बहुधा काहीच झालं नाही. जेवलो असू.

तालुक्याच्या कॉलेजात विज्ञान शाखेचे प्रवेश अजून चालू होते. मी रसायनशास्त्र घेतलं.

त्या वर्षापासून आईने देवळात जाणं बंद केलं. आधी गुडघ्यांचं कारण सांगायची. जत्रा आली तरी गेली नाही. पालखी दारात आली, तेव्हा बाबांनी ओवाळलं, ती आत चुलीपाशी बसून राहिली. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाली, "माझा आणि देवाचा आता नाय पटणा." याचा अर्थ मी माझ्या परीने लावला. देवाने ऐन वेळी तोंड मिटून घेतलं आणि आपल्या मुलीचं नुकसान झालं, म्हणून ती देवावर रागावली आहे, असं मला वाटलं. त्या रागात मला माझी बाजू दिसायची. तेवढ्या एका गोष्टीवर मी कॉलेजची वर्षं काढली. तिला काही विचारलं नाही, काही बोलले नाही.

पदवी झाल्यावर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत मला काम मिळालं. विहिरींचे नमुने गोळा करायचे आणि तपासायचे. गेल्या वर्षी पावसाळा संपत आला, तेव्हा आमच्या गावाची पाळी आली. टाकी झालीच नव्हती, त्यामुळे देवळामागची विहीर अजून वापरात होती.

मी बादली सोडून पाणी काढत होते, तेव्हा भिकाजी गुरव काठी टेकत आले. फार म्हातारे झाले होते. कौल आता त्यांचा पुतण्या लावतो.

"आवस कशी आसा?" त्यांनी विचारलं.

"बरी आसा. गुडघे दुखतत."

"गुडघे," ते म्हणाले आणि विहिरीच्या कठड्यावर टेकले. "अजून राग गेलो नाय तिचो?"

"देवान उत्तर दिला नाय, काका. तिका ता लागला."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "उत्तर दिला नाय असा कसा? तुमी गेल्यात, तेच्यानंतर जेवणाच्या येळेक पडलो मा कौल. उजवो. मी तसोच धोतर सावरीत तुमच्या घराकडे इलंय. तुझी आवस न्हाणीकडे भांडी घासी होती. तिका सांगितलंय, वैनी, उजवो पडलो. चेडू परत येतला, देवान सांगितल्यान."

बादली माझ्या हातात होती. ती मी कठड्यावर ठेवली.

"मगे?"

"मगे काय? रडाक लागली. म्हणाली, माका ठाऊक होता उजवोच पडतलो. निनाद गेलो तेव्हा पण मी ह्याच इचारल्लंय, आणि तेव्हा पण उजवोच पडल्लो. म्हणाली, ह्या कोणाक सांगू नकात." त्यांनी काठीने जमिनीवर एक रेघ ओढली. "मी आजून कोणाक सांगूक नाय. पण तुका तिना सांगितल्यान असतला, असा माका वाटला. इतकी वर्सां झाली."

मी नमुन्याची बाटली घेतली. पाणी भरलं. झाकणाच्या आत बोट लागू देऊ नये, ते लागू दिलं नाही. चिठ्ठीवर विहिरीचं नाव घातलं, तारीख घातली, सही केली.

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवलं होतं की एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, प्रयोग पुन्हा करून बघावा. आईने एकदा देवाच्या शब्दावर मूल पाठवलं होतं. प्रयोग पुन्हा करून बघायचा, तर तिच्याकडे आणखी एकच मूल होतं.

घरी गेले तेव्हा ती पडवीत तांदूळ निवडत बसली होती. बाजूला माटवी काढून ठेवलेली. चतुर्थी आठवड्यावर आली होती.

"देवळाकडे गेल्लंस?" तिने विचारलं.

"हो. पाणी घेवक."

"भिकाजी भेटलो?"

"भेटलो. म्हातारो झालो."

तिचे हात सुपात थांबले. "काय म्हणा होतो?"

मी तिच्यासमोर बसले. तिच्या केसांत आता काळा असा एकही उरला नव्हता. ती माझ्याकडे बघत नव्हती. सुपातल्या एकाच खड्याकडे बघत होती, आणि तो उचलत नव्हती.

"तुझे गुडघे कसे आसत, म्हणान इचारी होतो."

"मगे?"

"दुखतत म्हटलंय."

तिने खडा उचलला आणि अंगणात टाकला. "जेवक वाढतंय," म्हणून उठली. उठताना तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला, आणि खांद्यावरचा हात बराच वेळ काढला नाही.

त्या चतुर्थीला माटवी मीच बांधली. नारळ, सुपाऱ्या, कवंडळं. तीन कोपरे झाले आणि मी चौथ्याला हात घातला, तेव्हा ती आतून म्हणाली, "तो ऱ्हवांदे. वायच वाट बघूया."